क्रॅक नको, भाडंही नको: मेहरूणच्या वर्कशॉपला फुकटचं कॅड पुरेल का?

मेहरूण म्हटलं की जळगावकराला दोन गोष्टी आठवतात, तलाव आणि बोरं. पण याच भागापासून औद्योगिक वसाहतही फार लांब नाही. चटईचे आणि पाइपांचे कारखाने, डाळमिल, आणि या सगळ्यांना सुटे भाग करून देणारी लेथ-वेल्डिंगची छोटी वर्कशॉप हे जळगावचं रोजचं चित्र आहे. कुणाची पुली झिजलेली असते, कुणाला मोटरखाली नवी बेस प्लेट हवी असते.

पूर्वी असं काम आलं की फरशीवर खडूने आकृती काढून भागायचं. आता लेसर कटिंगवाल्याकडे प्लेट कापायला गेलं की तो पहिला प्रश्न विचारतो, "फाइल आहे का?"

फाइल बनवायची तर कॅड सॉफ्टवेअर हवं. कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर मापात ड्रॉइंग काढायचं साधन. त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव ऑटोकॅड. ते १९८२ पासून बाजारात आहे. पण २०१६ पासून कंपनीने त्याचे कायमचे नवे परवाने विकणं बंद केलं. आता ते भाड्याने घ्यावं लागतं आणि भाडं थांबलं की सॉफ्टवेअरही थांबतं. रोज दहा ड्रॉइंग काढणाऱ्या ऑफिसला हे परवडेल. महिन्याला चार प्लेटा काढणाऱ्याला परवडत नाही. मग कुणीतरी पेन ड्राइव्ह आणून देतो आणि म्हणतो, "क्रॅक आहे, चालतंय."

क्रॅक चालतंय, पण कुठपर्यंत?

भारताच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, ६३-ब नावाचं कलम आहे. सॉफ्टवेअरची प्रत चोरीची आहे हे माहीत असूनही ती वापरली, तर किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर झाला नसेल, तर कोर्ट कैद टाळून फक्त दंड करू शकतं. वर्कशॉपला ही सवलत मिळणं अवघड, कारण तिथला वापर धंद्यासाठीच असतो.

दुसरी गोष्ट त्याहून रोजची आहे. क्रॅक टाकताना बहुतेक वेळा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्याच कॉम्प्युटरवर तुमची बिलं, जीएसटी आणि बँकेचं काम असतं.

फुकट म्हणजे नेमकं कुठलं फुकट?

इथे बरेच जण फसतात. फुकटचे तीन प्रकार आहेत.

पहिला, विद्यार्थ्यांसाठी फुकट. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी मोफत मिळतं. पण त्यावर गिऱ्हाइकाचं पैशाचं काम करायची परवानगी नसते.

दुसरा, कंपनीच्या मर्जीने फुकट. ड्राफ्टसाइट हे याचं चांगलं उदाहरण. ऑटोकॅडसारखं दिसणारं हे सॉफ्टवेअर अनेक वर्षं मोफत होतं आणि जगभर लोकांनी ते वापरलं. मग कंपनीने धोरण बदललं. ३१ डिसेंबर २०१९ नंतर मोफत आवृत्त्या चालेनाशा झाल्या. ज्यांनी सगळं काम त्यावर नेलं होतं, त्यांना पैसे भरा किंवा नवीन काहीतरी शोधा, एवढंच उरलं.

तिसरा, मुक्त सॉफ्टवेअर. याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला असतो आणि परवान्यातच लिहिलेलं असतं की कुणीही, कशासाठीही, धंद्यासाठीसुद्धा ते वापरू शकतो. उद्या बनवणारे थांबले तरी तुमच्या कॉम्प्युटरवरची प्रत कुणी बंद पाडू शकत नाही. वर्कशॉपने भरवसा ठेवावा तो या तिसऱ्या प्रकारावर.

दोन नावं लक्षात ठेवा

लिब्रेकॅड हे सपाट, म्हणजे टूडी ड्रॉइंगसाठी. क्यूकॅड नावाच्या सॉफ्टवेअरच्या खुल्या आवृत्तीतून ते तयार झालं. हलकं आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं.

फ्रीकॅड हे थ्रीडीसाठी. याची सुरुवात २००२ मध्ये झाली आणि १.० ही आवृत्ती आली १८ नोव्हेंबर २०२४ ला. म्हणजे 'एक' या आकड्यापर्यंत यायला त्यांना २२ वर्षं लागली! त्याआधीच्या आवृत्त्यांत एक जुनं दुखणं होतं. मागे जाऊन एखादं माप बदललं की पुढे पाडलेला होल भलत्याच बाजूवर जायचा किंवा मॉडेलच तुटायचं. १.० मध्ये ते बरंच कमी झालं आणि वेगवेगळे भाग एकत्र जोडून बघायची सोयही आली. म्हणून "फ्रीकॅड काही खरं नाही" असं कुणी म्हटलं, तर त्याने कुठली आवृत्ती वापरली होती ते आधी विचारा.

दोन्ही सॉफ्टवेअर त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा.

एक बेस प्लेट काढून बघू

समजा मोटरखाली १८० बाय १८० मिमीची प्लेट हवी आहे. चार कोपऱ्यांत १४ मिमीचे चार होल, प्रत्येक होलचं केंद्र दोन्ही कडांपासून २५ मिमी आत. लिब्रेकॅडमध्ये हे असं होतं:

१. सगळ्यात आधी ड्रॉइंगचं एकक मिलिमीटर आहे का ते सेटिंगमध्ये बघा.

२. चौकोनाचं साधन घ्या. पहिला कोपरा ०,० आणि समोरचा कोपरा १८०,१८० असा टाइप करा.

३. वर्तुळाचं साधन घ्या. केंद्रं येतील २५,२५ – १५५,२५ – १५५,१५५ – २५,१५५.

४. इथे सांभाळा. वर्तुळ काढताना त्रिज्या विचारली जाते. १४ चा होल हवा असेल तर ७ टाका. १४ टाकलं तर होल २८ चा होईल.

५. मापं दाखवणाऱ्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवा. कटिंगला फाइल देताना तो लेयर काढून टाका, नाहीतर मशीनला ती मापंही कापायच्या रेषा वाटू शकतात.

६. एकावर एक दोन रेषा बसल्या आहेत का, कोपरे जुळले आहेत का ते बघा. दुहेरी रेष असेल तर मशीन तीच जागा दोनदा कापतं. उघड्या कोपऱ्यावर ते अडतं.

७. फाइल डीएक्सएफ म्हणून सेव्ह करा.

ऑटोकॅडची सवय असेल तर एक गोष्ट ओळखीची वाटेल. मागच्या बिंदूपासून १०० मिमी उजवीकडे जायला इथेही @१००,० असंच टाइप करतात (आकडे अर्थात इंग्रजीत). कमांडची आद्याक्षरं मात्र काही ठिकाणी वेगळी आहेत. पहिले तीन-चार दिवस बोटं चुकतात, मग बसतात.

डीएक्सएफ हा खरा मुद्दा

कटिंगवाल्याला तुम्ही कुठलं सॉफ्टवेअर वापरता याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला मशीनला समजेल अशी फाइल हवी असते. टूडी कटिंगसाठी ती बहुधा डीएक्सएफ असते, थ्रीडीसाठी स्टेप. डीएक्सएफ लिब्रेकॅडमधून निघते, स्टेप फ्रीकॅडमधून. मशीनच्या सॉफ्टवेअरला नवी डीएक्सएफ उघडली नाही, तर सेव्ह करताना जुनी आवृत्ती निवडता येते.

एकच धोका आहे, एककाचा. समोरच्याने फाइल इंचात उघडली तर १८० मिमीची प्लेट १८० इंचांची, म्हणजे चक्क १५ फुटांची होते. ही चूक निदान डोळ्याला दिसते. होलच्या त्रिज्येची चूक प्लेट हातात येईपर्यंत दिसत नाही. आपली ही प्लेट १० मिमी जाड असेल तर सुमारे अडीच किलो लोखंड भंगारात, आणि कटिंगचे पैसे वेगळे. म्हणून फाइलसोबत मापं लिहिलेली पीडीएफ नेहमी पाठवा.

पुली काढायची असेल तर?

मग फ्रीकॅड. यात आधी आकृती काढून तिला मापांनी बांधायचं असतं. सगळी मापं बांधली गेली की रेषा हिरव्या होतात. मग तिला जाडी द्यायची किंवा अक्षाभोवती फिरवायचं. फायदा असा की एका डाळमिलच्या शाफ्टसाठी बोअर ४० मिमी काढला आणि दुसऱ्याला ४५ हवा असेल, तर एक आकडा बदलायचा. थ्रीडीही बदलतं आणि त्यावरून काढलेलं ड्रॉइंगही.

शिकायला मात्र हे लिब्रेकॅडपेक्षा जड आहे. एका रविवारात होणार नाही.

कुठे अडेल?

अडेल ते डीडब्ल्यूजीपाशी. ही ऑटोकॅडची स्वतःची फाइल. लिब्रेकॅड तिच्यात सेव्ह करत नाही आणि उघडतानाही सगळं नीट येईलच असं नाही. ओपन डिझाइन अलायन्सचा मोफत कन्व्हर्टर डीडब्ल्यूजीची डीएक्सएफ आणि उलटही करून देतो. फ्रीकॅडला तो जोडताही येतो. अधूनमधून येणाऱ्या फाइलला हे पुरतं.

पण आर्किटेक्टबरोबर रोज डीडब्ल्यूजीची देवाणघेवाण असेल किंवा बांधकाम परवानगीचे नकाशे ऑनलाइन भरायचे असतील, तर तिथे कुठली फाइल आणि कुठले लेयर मागतात ते आधी बघा. एकाच कागदावर वेगवेगळ्या प्रमाणात आकृत्या मांडायची ऑटोकॅडसारखी सोयही लिब्रेकॅडमध्ये नाही. अशा कामाला पैसे देऊन सॉफ्टवेअर घेणंच बरं.

आयटीआयच्या पोरांनी काय करावं?

नोकरीच्या जाहिरातीत ऑटोकॅडच लिहिलेलं असतं, त्यामुळे ते शिकाच. विद्यार्थ्यांचा परवाना आहे, क्रॅकची गरज नाही. सोबत एक मुक्त सॉफ्टवेअर शिका, म्हणजे शिक्षण संपल्यावर पहिलं पैशाचं काम कायदेशीरपणे करता येईल.

पवईच्या आयआयटी मुंबईत यावर बरंच काम झालंय. तिथल्या फॉसी प्रकल्पातून ओसडॅग हे मोफत सॉफ्टवेअर आलं. आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकानुसार स्टीलचे जोड आणि सांधे ते डिझाइन करून देतं. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात वेगवेगळ्या मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, त्यातले बरेच मराठीतही.

मग बदलायचं का?

लगेच सगळं हलवू नका. आधीच करून दिलेला एक जुना भाग निवडा, ज्याचं माप तुम्हाला पक्कं माहीत आहे. तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा काढा. डीएक्सएफ कटिंगवाल्याला पाठवा आणि उघडल्यावर त्याच्या स्क्रीनवर लांबी किती दिसते ते विचारा.

मग तेच ड्रॉइंग साध्या ए-फोर कागदावर १:१ प्रमाणात प्रिंट करा. आपली १८० ची प्लेट त्यात मावते. प्रिंट करताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा. कागद मोटरच्या पायाखाली ठेवा. चारही होल जुळले आणि केंद्रापासून केंद्राचं अंतर १३० मिमी भरलं, तर सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं आहे. नाही भरलं, तर नुकसान एका कागदाचं.