मंद वाऱ्यातलं काइट फॉइलिंग: "किमान वारा किती?" या प्रश्नाला तीन उत्तरं का आहेत?



प्रपोजल लिहायला बसलेल्या प्रत्येकाला गाईड एक गोष्ट विचारतातच: "तुमचा प्रश्न नेमका काय आहे?" आपण विषय सांगतो, पद्धत सांगतो आणि प्रश्नापाशी येऊन अडखळतो. प्रश्नासारखी दिसणारी बरीच वाक्यं मुळात अर्धवट असतात, म्हणून असं होतं. आज असाच एक अर्धवट प्रश्न घेऊ: काइट फॉइलिंग करायला कमीत कमी किती वारा लागतो?

सोपा वाटतो ना? एक आकडा सांगितला की विषय संपला. पण एका आकड्यावर विसंबून समुद्रात गेलेला माणूस किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर अडकून पडू शकतो. कसा, ते टप्प्याटप्प्याने पाहू. बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र पुरेसं आहे.

खेळ काय आहे?

एक छोटा बोर्ड. त्याच्या खाली साधारण मीटरभर लांबीचा दांडा, म्हणजे मास्ट. मास्टच्या टोकाला पाण्याखाली विमानासारखे दोन पंख, पुढचा मोठा आणि मागचा लहान. हे झालं हायड्रोफॉइल. बोर्डवर उभा असलेला माणूस कमरेच्या पट्ट्याने एका मोठ्या पतंगाला जोडलेला असतो. पतंग ओढतो, बोर्ड वेग घेतो, पाण्याखालचे पंख लिफ्ट देतात आणि बोर्ड पाण्यातून वर उठतो. त्यानंतर पाण्यात फक्त मास्ट आणि पंख उरतात.

हायड्रोफॉइलची कल्पना जुनी आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर हायड्रोफॉइल बोट चालवली होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या एचडी-४ या बोटीने १९१९ मध्ये ताशी ७० मैलांच्या वर वेग गाठला. पतंगाची जोड या कल्पनेला खूप नंतर मिळाली. ऑलिम्पिकमध्ये 'फॉर्म्युला काइट' हा प्रकार पहिल्यांदा आला तो २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत. शर्यती मार्सेयच्या समुद्रावर झाल्या आणि वारा पडल्यामुळे त्यांचं वेळापत्रक पुन्हा पुन्हा बदलावं लागलं. जगातले सर्वोत्तम खेळाडू, उत्तम साहित्य, आणि तरीही वाऱ्याची वाट पाहत बसणं. म्हणजे मंद वारा हा फक्त नवशिक्यांचा प्रश्न नाही.

पहिली अडचण: वर्गाचा नियम

मंद वारा म्हणजे किती? सहा नॉट धरू. म्हणजे ताशी ११ किलोमीटर किंवा सेकंदाला ३.१ मीटर. एवढ्या वाऱ्यात चेहऱ्याला हवा जाणवते, झाडाची पानं सळसळतात आणि समुद्रावर छोट्या तरंगांपलीकडे काही दिसत नाही.

पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वारा अर्धा झाला की ओढ पाव होते. १५ चौरस मीटरचा पतंग घ्या आणि लिफ्ट गुणांक ०.८ धरा. सहा नॉट वाऱ्यात हा पतंग आकाशात एका जागी उभा असेल तर ओढ येते जेमतेम ७ किलो वजनाएवढी. आता माणूस आणि साहित्य मिळून ९० किलो आहे, बोर्ड पाण्यात बसलेला आहे, आणि तो पाणी कापत वेग घेईपर्यंतचा विरोध समजा वजनाच्या एक पंचमांश, म्हणजे १८ किलो आहे. सात किलोने अठरा किलोचं काम होणार नाही. कागदावर विषय इथेच संपायला हवा.

पण लोक सहा नॉटमध्ये फॉइलिंग करतात. मग आपल्या गणितात काय सुटलं?

वारा नसेल तर तयार करायचा

संक्रांतीला गच्चीवर वारा पडला की तुम्ही काय करता? मांजा भराभर ओढता. पतंग हवेतून पुढे सरकतो आणि त्याला वारा 'लागतो'. गच्चीवरचा वारा वाढलेला नसतो, पतंगाच्या अंगाला लागणारा वारा वाढलेला असतो. याला ॲपरंट विंड म्हणतात. पतंगाला हवामान खात्याचा आकडा कळत नाही, त्याला फक्त हा अंगाला लागणारा वारा कळतो.

काइट फॉइलिंगमध्ये मांजा ओढायची गरज नसते, पतंगच आडवा फिरवायचा. १९८० मध्ये माइल्स लॉइड यांनी पतंगापासून वीज मिळवण्यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यातला मुद्दा असा: पतंग एका जागी उभा न ठेवता वाऱ्याला आडवा पळवला, तर आदर्श परिस्थितीत तो वाऱ्याच्या वेगाला लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तराने गुणून येईल एवढा वेग घेतो. गुणोत्तर ५ असेल, तर सहा नॉट वाऱ्यात पतंगाला ३० नॉटपर्यंतचा वारा लागू शकतो. आणि ओढ तर वर्गाने वाढते! प्रत्यक्षात पतंगाला फिरायला आकाशाचा एक तुकडाच मिळतो आणि हा झटका काही सेकंदच टिकतो. पण बोर्ड हलवायला ते काही सेकंद पुरतात. म्हणून मंद वाऱ्यात निघताना पतंग वरून खाली सूर मारल्यासारखा फिरवतात.

दुसरी मदत पाण्याखालून

पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट आहे. त्यामुळे पाण्याखाली छोटासा पंखही मोठं वजन उचलतो. पुढच्या पंखाचं क्षेत्रफळ ८०० चौरस सेंटिमीटर आणि लिफ्ट गुणांक ०.८ धरला, तर ९० किलो उचलायला सुमारे १० नॉट वेग लागतो. पंख दुप्पट, म्हणजे १६०० चौरस सेंटिमीटरचा घेतला तर सुमारे ७ नॉट पुरतात. दुप्पट क्षेत्रफळाने लागणारा वेग निम्मा होत नाही, तो वर्गमुळाच्या हिशोबाने उतरतो. मंद वाऱ्यासाठी मोठा पंख का घेतात, आणि तरी तो वाटेल तेवढा मोठा करून फार फायदा का नाही, या दोन्हींचं उत्तर याच वर्गमुळात आहे.

आता खरी गंमत. बोर्ड वर उठला की पाण्याचा विरोध एकदम घसरतो. फॉइलचं लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर १० धरा, तर विरोध उरतो ९ किलो. मघाचे १८ आठवा, त्याच्या निम्मा. विरोध कमी म्हणून वेग वाढतो. समजा १२ नॉट झाला आणि दिशा वाऱ्याला काटकोनात आहे. मग पायथागोरस लावा: ६ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १३.४. म्हणजे खरा वारा सहाच नॉट, पण अंगाला लागतो साडेतेरा. ओढ पाचपट, सुमारे ३५ किलो. यातली बरीचशी ओढ बाजूला जाते, पुढे ढकलायला थोडीच उरते. पण ९ किलोच्या विरोधाला ती थोडीही पुरते.

एकच वारा, दोन अवस्था

आता मूळ प्रश्नाकडे या. त्याच सहा नॉट वाऱ्यात, तोच पतंग आणि तोच बोर्ड असताना, दोन माणसं दोन वेगळ्या अवस्थांत असू शकतात. एक पाण्यात बसलेला, ७ किलो ओढ घेऊन जागच्या जागी. दुसरा त्याच्या शेजारून वाऱ्याच्या दुप्पट वेगाने आवाज न करता निघून गेलेला. दोघांच्या वाऱ्यात काही फरक नाही, फरक त्यांच्या इतिहासात आहे. एकाला सुरुवात मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही.

बंद पडलेली गाडी ढकलताना हेच होतं. जागची हलवायला चार जण लागतात, एकदा चाक फिरलं की दोघांत काम भागतं.

म्हणून "निघायला लागणारा वारा" आणि "चालू राहायला लागणारा वारा" हे दोन वेगळे आकडे आहेत. समजा एखाद्याला निघायला ७ नॉट लागतात, पण उठल्यावर वारा ५ वर आला तरी तो चालू राहतो. माणसाचं वजन, पतंग आणि फॉइल बदललं की आकडे बदलतील, दोघांमधलं अंतर मात्र राहील. ५ ते ७ च्या मधल्या पट्ट्यात काय होईल हे वारा ठरवत नाही, तुम्ही त्या पट्ट्यात कुठून आलात ते ठरवतं. याला हिस्टेरिसिस म्हणतात. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बी-एच कर्व्ह काढला असेल, तर हा शब्द तुम्ही जर्नलमध्ये लिहिलेला आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी श्मिट ट्रिगरमध्ये पाहिलाय.

तिसरा आकडा, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा

आता समजा तुम्ही ५ नॉटमध्ये मजेत चालला आहात आणि वळताना तोल गेला. तुम्ही पाण्यात, वेग शून्य. अंगाला लागणारा वारा थेट पाचवर. दोऱ्या ढिल्या पडतात आणि पतंग पाण्यावर उतरतो.

पाण्यावर पडलेला, ओला झालेला पतंग पुन्हा उठवायला वारा जास्त लागतो. त्याला स्वतःचं वजन, अंगावरचं पाणी आणि पाण्याची पकड सोडवायची असते, आणि आडवं पळायला आकाशच मिळत नाही. म्हणजे हा तिसरा आकडा: "पडल्यावर पुन्हा उठायला लागणारा वारा." तो चालू राहण्याच्या आकड्यापेक्षा बराच वर असतो.

आता धोका कुठे आहे ते बघा. जेवढं चांगलं साहित्य आणि जेवढं जास्त कौशल्य, तेवढा चालू राहण्याचा आकडा खाली जातो. तिसरा आकडा त्या प्रमाणात खाली जात नाही. म्हणजे कौशल्याबरोबर दोघांमधली दरी रुंदावते. माणूस आणखी मंद वाऱ्यात आणखी लांब जाऊ शकतो, पण पडला तर परतीचा रस्ता पोहतच.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग चालतं. तिथला हिवाळ्यातला दुपारचा वारा म्हणजे शाळेच्या भूगोलातले खारे वारे: जमीन तापते आणि समुद्रावरून हवा आत येते. ऊन उतरलं की हे वारे मंदावतात आणि रात्री मतलई वारे उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. संध्याकाळी वारा पडताना पाण्यात अडकलेल्याला पुढचा वारा किनाऱ्याकडे आणणारा नसेल, हे आधीच माहीत असायला हवं.

म्हणून मंद वाऱ्याचा नियम साधा आहे: किती लांब जायचं हे "मी किती वाऱ्यात चालू राहतो" यावर ठरवायचं नाही. पतंग गुंडाळून बोर्डसकट जेवढं पोहून येता येईल, तेवढंच लांब जायचं. अंगात तरंगणारं जॅकेट, किनाऱ्यावर आपल्याकडे लक्ष ठेवणारं कुणीतरी, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर उतरायचंच नाही.

मग मजा कशात आहे?

एवढं सगळं पाळून लोक मंद वाऱ्यात का जातात? लाटा नसतात, पाणी ताटासारखं सपाट असतं, बोर्ड पाण्याला लागत नाही म्हणून आपटण्याचा आवाज नाही. वर सांगितलेलं प्रत्येक समीकरण तळपायाला कळतं. जोराच्या वाऱ्यात चुका खपून जातात, मंद वाऱ्यात प्रत्येक हालचालीचा हिशोब द्यावा लागतो.

एक उदाहरण. सहा नॉट वाऱ्यात तुम्ही सरळ वाऱ्याच्या दिशेने सहा नॉटने निघालात तर अंगाला वारा किती लागेल? शून्य. पतंग पानासारखा खाली येईल. म्हणून वळताना वाऱ्याच्या दिशेत रेंगाळायचं नाही, वळण रुंद आणि सलग घ्यायचं, आणि पतंग सतत फिरता ठेवायचा. वेग ही तुमची शिल्लक आहे. ती वळणावर खर्च होते आणि सरळ रेषेत पुन्हा जमा होते.

तुमच्या प्रपोजलसाठी

आता हे सगळं आपल्या कामाला लावू. तुमच्या विषयात "किमान", "मर्यादा" किंवा "थ्रेशोल्ड" असा शब्द येत असेल, तर तीन गोष्टी तपासा.

१. आकडा कोणत्या बाजूने मोजला? वाढवत नेऊन की कमी करत आणून? शक्य असेल तर प्रयोग दोन्ही दिशांनी करा. दोन्ही आकडे जुळले तर उत्तम. नाही जुळले तर कदाचित तोच तुमचा शोध आहे.

२. मोजमाप कुठे घेतलं? हवामान केंद्रांवर वारा मोजायची प्रमाण उंची १० मीटर आहे. किनाऱ्यावर हातात यंत्र धरलेला माणूस दोन मीटरवर मोजतो, आणि पतंग त्याच्या कितीतरी वर असतो. उंचीबरोबर वारा बहुधा वाढतो. तिघांचे "सहा नॉट" एकच नाहीत.

३. परतीचा आकडा काय? उथळ तळ्यात खतांचं पाणी वाढत गेलं की एका टप्प्यावर तळं गढूळ होतं. पण खतं त्याच टप्प्यापर्यंत कमी करून ते पुन्हा स्वच्छ होत नाही, त्याहून बरंच खाली यावं लागतं. पर्यावरण, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कोणताही विषय असो, बिघडण्याचा आकडा आणि सावरण्याचा आकडा वेगळे असू शकतात.

म्हणजे "किमान वारा किती?" हा प्रश्न पूर्ण करून असा विचारायचा: कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाण्यासाठी, कुठे मोजलेला, किमान वारा किती?

आता तुमच्या प्रपोजलमधलं मुख्य वाक्य काढा आणि त्याला हेच विचारून बघा. वाक्य लांबलं तर घाबरू नका. व्हायवाला परीक्षक विचारतील त्यापेक्षा आज आपणच विचारलेलं बरं.