आकृती ओढून पाहताना

नववीच्या मुलाला संगणकावर चौरस काढायला सांगितला, तर तो आधी डोळ्यांच्या अंदाजाने चार बिंदू ठेवतो आणि ते जोडतो. चौरस दिसतो. मग एक शिरोबिंदू धरून ओढला की बाजू लहानमोठ्या होतात, काटकोन जातात. तीच आकृती लंबरेषा आणि वर्तुळ वापरून रचली, तर कितीही ओढली तरी ती लहानमोठी होते, फिरते, पण चौरसच राहते. दिसायला चौरस असणे आणि व्याख्येने चौरस असणे यांतला हा फरक फळ्यावर समजावून सांगणे फार अवघड आहे.

या कल्पनेचे मूळ १९६३ सालच्या एका प्रबंधात आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ तयार केले. त्यात प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ काढता येई आणि ‘या दोन रेषा समांतरच राहतील’ अशी अटही घालता येई. शाळेच्या भूमितीसाठी पुढे फ्रान्समधल्या ग्रेनोबलला ‘काब्री’ आले, १९९१ मध्ये अमेरिकेत निकोलस जॅकिव यांचे ‘जिऑमीटर्स स्केचपॅड’ आले. ऑस्ट्रियात साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘जिओजेब्रा’ सुरू केले. आकृती आणि तिचे समीकरण शेजारी शेजारी, एक हलवले की दुसरे बदलते. विद्यार्थ्यांना ते मोफत मिळते, म्हणून ते जगभर पोचले.

माझ्या मते या साधनाची खरी ताकद वारिन्योंच्या प्रमेयात दिसते. कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले की समांतरभुज चौकोन मिळतो. प्रमेय जुने, १७३१ मध्ये छापलेले. वहीत ते एका आकृतीपुरते पटते. पडद्यावर मात्र मुले बाहेरच्या चौकोनाचे हाल करतात: एक कोपरा आत ढकलतात, बाजू एकमेकींवरून ओलांडून नेतात. आतला समांतरभुज चौकोन तग धरतो. मग एखादीला अशी जागा सापडते की तो चपटा होऊन नुसता रेषाखंड उरतो. असे का झाले? बाहेरच्या चौकोनाचे कर्ण काढून पाहिले, तर ते नेमके त्या क्षणी समांतर असतात. इथे सिद्धताच हाती लागते. मध्यबिंदूच्या प्रमेयानुसार आतल्या बाजू कर्णांना समांतर आणि त्यांच्या निम्म्या असतात. दोन्ही कर्णांची दिशा एक झाली, तर आतल्या चारही बाजूंची दिशा एकच होणार.

नुसते ओढणे म्हणजे सिद्धता नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगायलाच हवे. शंभर आकृत्यांत खरे ठरले म्हणून ते सगळीकडे खरे ठरत नाही. पडद्यावरची मापेही पूर्णांकित असतात. त्रिकोणाचे कोन दोन दशांशस्थळांपर्यंत दाखवले की त्यांची बेरीज कधी कधी १८०.०१ भरते. तो आकडा लपवू नये. ‘मग आपले प्रमेय चुकले का?’ हा प्रश्न वर्गात येऊ द्यावा.

केरळने सरकारी शाळांच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतच जिओजेब्रा आणले, त्यामुळे माउस मुलांच्या हाती गेला. आपल्याकडे डिजिटल वर्ग म्हणजे पुष्कळदा भिंतीवर तयार चित्रफीत आणि समोर गप्प बसलेली मुले. मला हे फार खटकते. शाळेत एकच संगणक असला तरी एवढे सहज करता येते: बिंदू हलवण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, मग एकाने पुढे येऊन ओढायचे, आणि ज्याचा अंदाज चुकला त्याला कारण शोधायला पुरेसा वेळ द्यायचा.