चित्रेची जोडी आणि दोन स्फोट

चैत्र-वैशाखातल्या एखाद्या अंधाऱ्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, पवनीला वैनगंगेच्या घाटावर जाऊन बसा. सप्तर्षींच्या शेपटीची कमान मनानेच पुढे वाढवा. आधी तांबूस स्वाती लागेल, मग निळसर पांढरी चित्रा. हिच्याच नावावरून चैत्र महिन्याला नाव मिळाले. आपल्याला ती एक चांदणी दिसते, पण आहेत ते दोन तारे! १८९० मध्ये जर्मन ज्योतिर्विद फोगल यांनी वर्णपटावरून ही जोडी ओळखली. थोरला सूर्याच्या सुमारे ११ पट वस्तुमानाचा, धाकटा सुमारे ७ पट. दोघांतले अंतर जेमतेम २ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य आणि बुध यांच्यातील अंतराच्या निम्म्याहूनही कमी. चार दिवसांत एक फेरी पुरी!

जड तारा आपले इंधन उधळ्यासारखा जाळतो आणि लवकर मरतो. शेवटी त्याचा गाभा कोसळतो, बाकीचे द्रव्य स्फोटाने उडून जाते आणि न्यूट्रॉन तारा उरतो. तारा फारच जड असला तर कृष्णविवर. मग तुम्ही विचाराल, एवढ्या स्फोटात शेजारी जागेवर राहतो कसा?

जरा पेन्सिल घ्या. समजा, एक तारा १४ सूर्यांइतका आणि दुसरा ८. एकूण २२. पहिल्याचा स्फोट होऊन १.४ सूर्याइतका न्यूट्रॉन तारा उरला, तर १२.६ गेले. वर्तुळात फिरणाऱ्या जोडीचे निम्म्याहून अधिक वस्तुमान एकाएकी गेले, की गुरुत्वाकर्षणाची पकड सुटते. गोफणीची दोरी सुटावी तसे दोघे दोन वाटांना लागतात.

पण जवळच्या जोडीत स्फोटाआधीच एक गंमत घडते. म्हातारपणी थोरला फुगतो आणि त्याचे बाहेरचे द्रव्य धाकट्याकडे वाहू लागते. समजा, १० सूर्यांइतके द्रव्य गेले. (प्रत्यक्षात काही वाटेत सांडतेही.) आता थोरल्याचा उरला ४ सूर्यांइतका हेलियमचा गाभा, आणि धाकटा झाला १८! स्फोटात गेले फक्त २.६. जोडी वाचली. अर्थात स्फोट एका बाजूला झुकला, तर नवजात न्यूट्रॉन ताऱ्याला जो हिसका बसतो त्यानेही पुष्कळ जोड्या मोडतात.

पुढे दुसराही फुगतो आणि न्यूट्रॉन ताऱ्याला पोटात घेतो. आत फिरता फिरता घर्षणाने न्यूट्रॉन तारा गाभ्याच्या अगदी जवळ येतो आणि बाहेरचे आवरण फेकले जाते. उरलेला गाभाही सोलला गेला असेल, तरच दुसऱ्या स्फोटातून जोडी टिकण्याचा संभव अधिक.

अशी टिकलेली पहिली जोडी १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना सापडली. पावणेआठ तासांत फेरी, आणि कक्षा सतत आक्रसते आहे, कारण गुरुत्वीय लहरी ऊर्जा वाहून नेतात. सुमारे ३० कोटी वर्षांनी ते दोघे एकमेकांवर आदळतील. आपल्यापासून १३ कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या अशाच एका धडकेच्या लहरी १७ ऑगस्ट २०१७ रोजी पृथ्वीवर पोहोचल्या. तिची रेडिओ प्रभा नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीनेही टिपली. लहरी टिपणारे चार किलोमीटर लांब भुजांचे यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे.

चित्रेची जोडी यातून तरेल का? धाकट्याचे ७ सूर्य स्फोटाला कमीच पडतात. थोरला त्याला किती देतो, यावर सारे अवलंबून आहे.