गुडघ्यातला ‘गॅप’ आणि हाडांविषयीच्या इतर समजुती

‘गुडघ्यात गॅप आलाय’ हे वाक्य उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या हाडांच्या दवाखान्यांत रोज ऐकू येते. एक्स-रेत मात्र याच्या बरोबर उलट दिसते. निरोगी गुडघ्याच्या एक्स-रेत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यात मोकळी फट असते, कारण तिथली कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. कूर्चा झिजते तशी ही फट अरुंद होते. फारच झिजली की हाडाला हाड टेकते. म्हणजे गॅप येत नाही, असलेला गॅप जातो. शब्दाची ही चूक किरकोळ वाटते, पण ‘फट पडली आहे, ती भरून काढू’ असे सांगणाऱ्याचे काम तिने सोपे होते.

दुसरी समजूत एमआरआयच्या अहवालातून येते. ‘गादी फाटली आहे’ असे लिहून आले की दुखण्याचे कारण सापडले, असे घरच्यांना वाटते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात 50 ते 90 वयाच्या 991 लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले गेले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली दिसली त्यांतल्या 61 टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास झालेला नव्हता. उतारवयात गादीला चिरा पडणे हे केस पांढरे होण्याइतके सामान्य आहे. अंबरनाथ स्थानकाच्या पुलावर एका हाताने कठडा धरून, पाय आडवा टाकत एकेक पायरी उतरणाऱ्या बाईचे दुखणे खरेच असते. ते त्या चिरेतून येते की झिजलेल्या सांध्यातून की मांडीच्या कमजोर झालेल्या स्नायूंतून, हे एकट्या एमआरआयवरून ठरत नाही.

यातूनच ‘दुर्बिणीतून साफ करून घेतले की गुडघा बरा होतो’ ही समजूत पक्की झाली. ती तपासण्यासाठी झालेले प्रयोग हाडांच्या शल्यचिकित्सेच्या इतिहासात फार मोलाचे आहेत. 2002 साली ह्यूस्टन इथे झिजलेल्या गुडघ्याच्या 180 रुग्णांवर पहिला मोठा प्रयोग झाला. काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुतला, काहींचा खरवडून साफ केला आणि उरलेल्यांच्या त्वचेवर नुसते छेद घेतले. दोन वर्षांनी तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता.

2013 सालच्या फिनलंडमधल्या प्रयोगात तर झीज नसलेले पण गादी फाटलेले 35 ते 65 वयाचे 146 रुग्ण होते. दुर्बीण आत घालून चीर प्रत्यक्ष पाहिल्यावर शल्यगृहातच पाकीट उघडले जाई. त्यात ‘शस्त्रक्रिया’ निघाली तर गादीचा फाटका भाग कापायचा. ‘बनावट’ निघाली तर सर्जनने तीच अवजारे मागायची, गुडघा तसाच वाकवायचा, पाते काढलेले यंत्र बाहेरून वाटीवर दाबून धरायचे, आवाज होऊ द्यायचा आणि रुग्णाला तेवढाच वेळ टेबलावर ठेवायचे. आपले काय झाले हे रुग्णाला ठाऊक नसे, नंतर त्याची तपासणी करणाऱ्यालाही नसे. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले होते. हे सारे अभ्यास एकत्र पाहून 2017 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या तज्ज्ञगटाने झिजेच्या जवळजवळ सर्व रुग्णांत दुर्बीण शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली. खेळताना पाय मुरगळून गादी फाटलेला विशीतला मुलगा किंवा अडकून बसलेला, सरळच न होणारा गुडघा या वेगळ्या गोष्टी आहेत; त्यांना हे निष्कर्ष लागू नाहीत.

इंजेक्शनांची कथा याहून छोटी आहे. ‘वंगण संपले’ म्हणून दिल्या जाणाऱ्या हायलुरॉनिक आम्लाच्या इंजेक्शनांवरचे 169 प्रयोग 2022 साली एकत्र तपासले गेले. खोट्या इंजेक्शनपेक्षा मिळणारा आराम इतका अल्प निघाला की रुग्णाला तो जाणवेलच असे नाही. स्वतःच्याच रक्तापासून बनवलेल्या पीआरपीची तुलना 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांत साध्या सलाइनशी झाली. वर्षभराने दुखण्यात लक्षणीय फरक नव्हता. एका इंजेक्शनला हजारो रुपये मोजणाऱ्या कुटुंबाला हे आधी कळायला हवे.

‘वाट्या बदलल्या’ हा शब्दप्रयोगही चुकीची कल्पना देतो. सांधेरोपणात वाटी काढून दुसरी बसवत नाहीत; ती बऱ्याचदा जागेवरच राहते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर कापून त्यांवर धातूचे आवरण आणि मध्ये प्लास्टिकचा थर बसवतात. ही शस्त्रक्रिया दहा वर्षांत निकामी होते, असे अजूनही सांगितले जाते. 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, अनेक देशांच्या नोंदी जोडून केलेल्या अभ्यासानुसार सुमारे 82 टक्के संपूर्ण गुडघारोपणे 25 वर्षे टिकतात. म्हणून ती लवकर करून टाकावी, असाही अर्थ नाही. डेन्मार्कमध्ये रोपणाला पात्र असलेल्या 100 जणांची दोन गटांत विभागणी झाली. दोन्ही गटांना 12 आठवडे व्यायाम, आहारसल्ला आणि वेदनाशामके मिळाली, एका गटाचे आधी रोपणही झाले. वर्षभराने रोपण झालेल्यांना जास्त आराम होता, गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त होत्या. आणि आधी रोपण न झालेल्या गटातल्या 50 पैकी 13 जणांनीच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. ‘चालले की गुडघा आणखी झिजतो’ म्हणून घरात बसून राहणे हे रुग्णाचे सर्वांत मोठे नुकसान आहे.

खर्चाविषयीही जुनी माहिती फिरते. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती कर सोडून 54,720 रुपये होती. रुग्णालयाच्या बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगण्यात संकोच नसावा.

इथवर वाचून ‘शस्त्रक्रिया टाळलेलीच बरी’ असे वाटले तर तो सर्वांत घातक गैरसमज ठरेल. न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या ऐंशी वर्षांच्या आजींबद्दल घरात ‘या वयात ऑपरेशन झेपणार नाही, पडून राहू द्या’ असे ठरते. पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला असतो, कूस बदलताना जीव कळवळतो. आठवड्याभरात पाठीला जखम होते, छातीत कफ साठतो, लघवीला जंतुसंसर्ग होतो. मृत्यू येतो तो अशा कारणांनी. भारतासह 17 देशांतल्या 69 रुग्णालयांत 2,970 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिप अटॅक’ अभ्यासात निदानानंतर सुमारे 6 तासांत झालेली शस्त्रक्रिया आणि सुमारे 24 तासांत झालेली शस्त्रक्रिया यांची तुलना होती. मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले, 9 आणि 10 टक्के. पण लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रम कमी झाला, ते लवकर उभे राहिले आणि लवकर घरी गेले. लक्षात घ्यायचे ते हे की, वाद 6 तास की 24 तास असा होता. बदलापुरातून कल्याणला न्यायचे की 68 किलोमीटरवरच्या मुंबईला, या चर्चेत चार दिवस घालवणे या अभ्यासाच्या कोणत्याच गटात बसत नाही. अतिशय जर्जर, आधीपासून अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीबाबत घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून वेगळा निर्णय घेता येतो.

कबड्डी किंवा क्रिकेट खेळताना गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध तुटला की शस्त्रक्रिया हवीच, असे तरुणांना वाटते. 2010 च्या स्वीडनमधल्या प्रयोगात आधी व्यायाम आणि गरज वाटलीच तर शस्त्रक्रिया, अशा गटातल्या 59 पैकी 36 जणांचे दोन वर्षे शस्त्रक्रियेविना निभावले. पण 2022 मध्ये ब्रिटनमधल्या 316 रुग्णांत, जिथे दुखापत जुनी होती आणि गुडघा दगा देतच होता, तिथे शस्त्रक्रिया सरस ठरली. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत; रुग्ण वेगळे आहेत.

मोडलेल्या हाडाला प्लेट घातली की ते प्लास्टरपेक्षा नेहमीच चांगले जुळते, हेही सरसकट खरे नाही. खांद्याजवळ दंडाचे हाड मोडून सरकलेल्या 250 रुग्णांच्या ब्रिटिश प्रयोगात (2015) दोन वर्षांनी शस्त्रक्रिया आणि झोळी यांत फरक दिसला नाही. हाड जखमेतून बाहेर आलेले असेल, तर मात्र तातडीने शल्यगृहात जखम धुणे अपरिहार्य. त्या धुण्याविषयीच्या ‘फ्लो’ अभ्यासात (2015) भारतातली रुग्णालयेही होती. 2,400 हून अधिक रुग्णांत साबणाच्या द्रावणापेक्षा साधे सलाइन चांगले ठरले, आणि महागड्या पंपाच्या जोराचा वेगळा फायदा दिसला नाही. रस्त्यावरच्या किंवा रुळांवरच्या अपघातात अशा जखमेवर हळद किंवा पावडर टाकू नये. स्वच्छ कापडाने झाकून, पाय फळीला बांधून रुग्णालयात न्यावे. हाडवैद्याकडे घट्ट बांधून घेतलेल्या पट्टीखाली बोटे बधिर, थंड किंवा निळी पडली तर पट्टी त्याच क्षणी सोडावी लागते; काही तासांचा उशीरही हातापायावर बेततो.

या साऱ्या ज्ञानामागे हजारो रुग्णांची संमती आहे, आणि तिथेही एक समज आडवा येतो: चाचणी म्हणजे गरिबांवर प्रयोग. भारतात जून 2009 पासून चिकित्सालयीन चाचणीची नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करणे सक्तीचे झाले. ती कोणालाही पैसे न देता पाहता येते. आचारसमितीची मंजुरी लागते, मधेच बाहेर पडले तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, आणि संशोधनामुळे इजा झाल्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोफत उपचार व भरपाईचा हक्क मिळतो. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशाच भाषेत द्यावे लागते: बदलापूरच्या शेतकऱ्याला मराठीत, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या आजोबांना ते वाचतात त्या सिंधीत किंवा हिंदीत.