क्रीडासंपादकास विषय कसा सुचवावा?

सांगली जिल्ह्यांतील श्री. मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेंत पोहण्याचें सुवर्णपदक जिंकिलें. ‘पद्मश्री’ मात्र त्यांस २०१८ सालीं मिळाली. मध्यंतरीं ४६ वर्षें गेलीं. पराक्रम आपण होऊन बोलत नाहीं; तो कोणी तरी सांगावा लागतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्याचे तालुके ११. सोलापुरांत बसणाऱ्या क्रीडासंपादकास प्रत्येक मैदान पाहतां येणें शक्य नाहीं. बार्शीची हकीकत बार्शीकरांनींच त्यास कळविली पाहिजे. यांत याचना नाहीं. त्यासहि नव्या विषयांची गरज असतेच.

परंतु ‘आमच्या संघानें उज्ज्वल यश संपादिलें’ ही स्तुति झाली, विषय नव्हे. आपल्या शाळेचें नांवहि न ऐकलेला अक्कलकोटचा वाचक जें शेवटपर्यंत वाचील, तो विषय. समजा, खो-खो संघांतील चार मुली सकाळीं तुरीच्या रानांत खुरपणी करून सायंकाळीं सरावास येतात, आणि पुढील शनिवारीं त्यांचा जिल्हा पातळीवरील सामना आहे. कोण, कोठें, केव्हां, आणि ही हकीकत आतांच कां छापावी, इतकें चार-पांच ओळींत लिहावें. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झालेली खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनीं जिंकिली. असा एखादा ताजा धागा जोडतां आल्यास ‘आतांच कां’ याचें उत्तर आपोआप मिळतें.

पत्र सामन्यापूर्वीं चार-पांच दिवस धाडावें. सामना संपल्यावर विषय शिळा होतो. तत्पूर्वीं त्या पत्राचें क्रीडापृष्ठ आठवडाभर वाचावें, म्हणजे तेथें काय छापतात तें कळेल. कोणास भेटतां येईल तें नमूद करावें. मुलांचीं नांवें व छायाचित्रें देण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी. खेळाडु आपला नातलग असल्यास तसें स्पष्ट लिहावें.

उत्तर न आल्यास एकदां नम्रपणें आठवण द्यावी. नकार आल्यास दुसरा विषय शोधावा. मात्र नांव, वय अथवा गुणसंख्या पडताळल्यावांचून कधींहि कळवूं नये. एक चूक छापली गेली कीं, पुढच्या वर्षींच्या गुणी खेळाडूची खरी हकीकतहि संपादक संशयानें वाचील, आणि त्या चुकीचें मोल त्या निरपराध मुलास द्यावें लागेल.