हवाई मालवाहतुकीची कार्यक्षमता : प्रादेशिक तफावतीचे मापन

दोन प्रदेशांपैकी कोणत्या प्रदेशातील हवाई मालवाहतूक अधिक कार्यक्षम आहे, हा प्रश्न केवळ टनांच्या आकड्यांनी सुटत नाही. टनांवरून कामाचा आकार कळतो. कार्यक्षमता म्हणजे वापरलेली साधने आणि साधलेले कार्य यांचे गुणोत्तर होय. परंतु धावपट्ट्या, मालगुदामे व मनुष्यबळ यांची परिमाणे भिन्न असल्याने त्यांची सरळ बेरीज करता येत नाही.

या अडचणीतून फॅरेल यांनी १९५७ मध्ये वाट दाखविली. उत्कृष्ट काम करणाऱ्या घटकांची एक सीमारेषा कल्पावी व इतरांचे तिच्यापासूनचे अंतर मोजावे, हा त्यांचा विचार. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी त्याला व्यापक गणिती रूप दिले. समजा, सारखीच साधने वापरून एका विमानतळाने १०० टन व दुसऱ्याने ६० टन माल हाताळला. पहिला सीमेवर असेल, तर दुसऱ्याचा गुणांक ०.६० येतो. हा गुणांक सापेक्ष आहे, हे विसरता कामा नये.

गुणांक मिळाल्यावर तफावतीचे पृथक्करण करावयाचे. हेन्री थाईल यांच्या निर्देशांकाने एकूण विषमतेचे दोन भाग पडतात : प्रदेशाप्रदेशांतील व प्रत्येक प्रदेशाच्या अंतर्गत. चीनमध्ये पूर्व, मध्य व पश्चिम अशी विभागणी रूढ आहे. तेथे अंतर्गत भाग मोठा निघाल्यास संपूर्ण पश्चिमेला सरसकट साहाय्य देणे अप्रस्तुत ठरेल.

तथापि गुणांक कमी आला म्हणजे व्यवस्था सदोष, असे अनुमान घाईचे होय. ल्हासाचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५७० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत इंजिनाचा जोर व पंखांची उचल घटते. म्हणून उड्डाणाच्या वेळी भार कमी ठेवावा लागतो. हा दोष व्यवस्थापकाचा नव्हे. हूबेई प्रांतातील अेचौ येथे मुख्यतः मालवाहतुकीसाठी बांधलेला विमानतळ २०२२ मध्ये सुरू झाला. अशा ठिकाणी साधने पहिल्याच दिवशी हिशेबात येतात, माल मात्र सावकाश जमतो. बँकर, चार्न्स व कूपर यांच्या १९८४ च्या प्रतिमानात आकारमानाचा परिणाम वेगळा काढता येतो. उंचीचा किंवा नवखेपणाचा नव्हे.

तात्पर्य, गुणांक अंतर दाखवितो, कारण सांगत नाही. ज्या मापनावर सार्वजनिक द्रव्याची वाटणी अवलंबून असते, त्यात कारणांची छाननी प्रथम व क्रमवारी नंतर, हाच क्रम योग्य होय.