झाडावर कुणी चढलेच नाही!

झाड तोडायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? कमरेला दोर बांधून सरसर वर चढणारा गडी, खाली दोर ताणून धरलेले दोघे-तिघे, आणि ‘बाजूला व्हा!’ म्हणून ओरडणारा मुकादम. गेल्या वर्षी अमेरिकेत, मिनेसोटातील सेंट पॉल शहरी मुलीकडे होतो. तिच्या शेजाऱ्यांचे मोठे झाड निघाले, पण त्यावर कुणी चढलेच नाही.

झाड होते ॲशचे. रोगाने एल्म वृक्ष गेल्यावर या शहरांनी रस्तोरस्ती ॲश लावला, आणि आता त्याच्यावरही संकट आले आहे. आशियातून आलेला एक चकचकीत हिरवा भुंगेरा २००२ साली मिशिगनमध्ये आढळला, २००९ साली सेंट पॉलमध्ये. लांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटर. पण त्याची अळी सालीखाली नागमोडी वाटा कोरते आणि पानांतले अन्न मुळांकडे जाण्याचा मार्गच तोडते. झाड मरते. बेसबॉलच्या बॅटी ज्याच्या करतात ते चिवट लाकूड वाळून ठिसूळ होते. चढणारा ज्या फांदीला आपला दोर बांधणार, तीच कधी दगा देईल याचा नेम नाही!

म्हणून हा ट्रक. त्याच्या पाठीवर घडी होणारा लांब पोलादी हात, हाताच्या टोकाला खेकड्याच्या नांगीसारखा पंजा आणि पंजाखाली साखळीची करवत. चालकाने आधी जाड फळ्या मांडून त्यांवर ट्रकचे आधारपाय टेकवले, मग नियंत्रणाची पेटी गळ्यात अडकवून तो दूर जाऊन उभा राहिला. पंजाने शेंडा धरला, करवत फिरली, आणि कापलेला तुकडा पडण्याऐवजी पंजातच अधांतरी राहून अलगद रस्त्यावर उतरला.

“एवढा मोठा हात, मग तुकडे इतके लहान का?” मी मुलीला विचारले.

“बाबा, पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा,” ती हसून म्हणाली.

खरेच की! पाच मीटरवर चार टन पेलणाऱ्या हाताला वीस मीटरवर एक टनही पेलत नाही, कारण त्याला स्वतःचाही भार असतो. अर्ध्या मीटर जाडीचा, दोन मीटर लांबीचा ओला ओंडका तीनशे किलोंच्या वर भरतो. वजनाचा अंदाज चुकला तर झाडाऐवजी ट्रकच आडवा व्हायचा! म्हणून कापण्याआधी प्रत्येक तुकड्याचा हिशेब.

दुपारी एक प्रसंग घडला. पंजाचा जरासा धक्का लागला, आणि शेजारची जाडजूड फांदी काडकन मोडून धाडकन बुंध्याशी आदळली. बाहेरून तिच्यात काही दोष दिसत नव्हता. क्षणभर सारे स्तब्ध झाले. खाली गवतावर कुणी नव्हते, वर झाडावरही कुणी नव्हते.

चालक शांतपणे म्हणाला, “मी स्वतः बरीच वर्षे चढत होतो. ती फांदी मी दोरासाठी नक्की निवडली असती.”

यंत्र सर्वत्र चालते असे नाही. ट्रक उभा करायला पक्की जमीन हवी, विजेच्या तारांपासून अंतर हवे. घरामागच्या अरुंद अंगणात आजही माणूसच चढतो. पण जेथे ट्रक पोहोचतो, तेथे एका घरचा कर्ता माणूस संध्याकाळी धडधाकट परत जातो, हे काय थोडे झाले?

पावसाळा आला की आपल्या शहरांतही वाळक्या फांद्यांवर माणसे चढतात. खिडकीतून ती करामत पाहताना पूर्वी मला मौज वाटे. आता माझी नजर आधी त्याच्या दोराकडे जाते, आणि मग तो ज्या फांदीला बांधला आहे तिच्याकडे.